चार मिलिमीटरचा खडा आणि बोटांची टोकं: गुजरीतल्या एका कारखान्याचं प्रकरण

कोल्हापुरात महाद्वार रोडवरून गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, शिरलं की दर्शनी सराफी दुकानांच्या मागं, बोळाबोळांत कारागिरांच्या खोल्या आहेत. त्यातल्या एका खोलीतलं हे प्रकरण. तिथं काम चालतं जुन्या दागिन्यांच्या दुरुस्तीचं. कुणाच्या चिंचपेटीतला हिरवा खडा पडलेला असतो, कुणाच्या आजीच्या साजातलं माणकाचं पान रिकामं झालेलं असतं. साजाची 21 पानं सांगतात ती अशी: 10 दशावतारांची, 8 अष्टमंगलाची, 2 माणिक-पाचूची आणि शेवटचं डोरलं. खड्यांची पानं दोनच, पण या खोलीत साज येतो तो बहुतेक त्या दोन पानांपायीच.

बाजारात तयार खडे मिळत असताना इथं खडा घासावा का लागतो, हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तयार खडा ठरलेल्या मापाचा येतो: 4 मिलिमीटर, 5 मिलिमीटर, 6 बाय 4 चा अंडाकृती. जुनं कोंदण हातानं घडवलेलं असतं. एका बाजूला किंचित फुगलेलं, दुसऱ्या बाजूला दबलेलं. त्यात मापाचा खडा एक तर बसत नाही, नाही तर खुळखुळतो. मग थोडा मोठा खडा घ्यायचा आणि कोंदणाच्या आकाराला घासत आणायचा. लाल खड्यासाठी गार्नेट किंवा कृत्रिम माणिक, हिरव्यासाठी बऱ्याचदा हिरवा अकीक.

खोलीत दोघं. मामा जडाईचं, म्हणजे कोंदणात खडे बसवण्याचं, काम करतात, भाचा चाकावर बसतो. वय पंचविशीच्या आतलं, हाताला कसब उत्तम. मशीन जयपूरहून आणलेलं, एका शाफ्टवर सहा इंची डायमंड व्हील ओळीनं, 80 नंबरच्या भरडपासून 3000 च्या बारीकपर्यंत, शेवटी चामड्याची पॉलिशची चकती. वरून पाण्याची धार. मी उद्यमनगरात मशीनशॉपच्या सुरक्षिततेचं काम पाहतो. मामांशी जुनी ओळख. भाच्याचं नख उलटलं तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुम्ही एकदा येऊन बघाच. पोरगं हुशार हाय, पण बोटं गमावून बसंल."

आधी काय चाललं होतं

नख उलटण्याआधी बरेच महिने या मुलाच्या उजव्या अंगठ्याची आणि तर्जनीची टोकं झिजत होती. खडा तो थेट बोटांत धरायचा. पाच-सहा मिलिमीटरचा खडा बोटांत धरून चाकाला लावायचा तर खडा बोटाबाहेर जेमतेम मिलिमीटरभर राहतो. दाब दिला की बोटाचा मऊ भाग खड्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं फुगतो. म्हणजे चाकावर खडा आणि कातडी दोन्ही एकाच वेळी घासली जातात.

मी त्याला विचारलं, दुखत नव्हतं का? त्यानं दिलेलं उत्तर या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. "काका, चाकावर असताना काय बी कळत नाही. जेवायला बसलो की मग झोंबतंय बघा." तांबड्या रश्श्यात बोट बुडालं की त्याला कळायचं, आज कातडी गेली.

यात त्याचा बेफिकीरपणा नाही, याला शरीराची कारणं आहेत. बोटाच्या टोकाचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्यात संवेदना नसते. 600 किंवा 1200 नंबरच्या चाकावरचे हिऱ्याचे कण मायक्रॉनमध्ये मोजण्याइतके बारीक. प्रत्येक कण इतका पातळ पापुद्रा काढतो की चटका बसत नाही, ओरखडा दिसत नाही. शिवाय वरून सतत गार पाणी. गारव्यानं बोट बधिर होतं, भिजून कातडी फुगते आणि मऊ पडते, मऊ पडली की आणखी लवकर जाते. भरड चाक लागलं की माणूस हात झटकतो. बारीक चाक मात्र मुकाट्यानं खात राहतं. म्हणूनच "80 नंबरला जपायचं, पुढचं काय लागत नाही" हा कारागिरांतला समज मला खरा धोका वाटतो.

दुसरा समज मशीन विकणाऱ्यांनी पसरवलेला. ते फिरत्या डायमंड चाकाला तळहात टेकवून दाखवतात: बघा, कापत नाही! हलका स्पर्श क्षणभर केला तर कातडी मागं सरकते आणि बऱ्याचदा निभावतं, हे खरं. पण काम करताना बोटामागं दाब असतो, बोट खड्याला चिकटून असतं, मागं सरकायला जागाच नसते. मिनिटाला 1440 फेऱ्यांच्या मोटरवर सहा इंची चाकाची कड मिनिटाला सुमारे 690 मीटर धावते, म्हणजे ताशी 41 किलोमीटरच्या आसपास. खडा निसटला की तोच दाब सगळा बोटासकट चाकावर.

झिजेचा एक परिणाम त्याच्या घरच्यांना आधी कळला. रेशन दुकानातल्या मशीनवर त्याचा अंगठा लागेना. पुसून, फुंकर मारून, पुन्हा ठेवून, तरी लागेना. शेवटी आईला जावं लागलं. अंगठ्याच्या रेषा चाकानं पुसून टाकल्या होत्या. रेषांचं मूळ कातडीच्या खालच्या थरात असतं, त्यामुळं खोल जखम नसेल तर त्या परत उमटतात. त्याच्याही उमटल्या, पण हाताला विश्रांती मिळाल्यावर.

झाकण्याचे उपाय

मुलानं उपाय केलेच नाहीत असं नाही. सगळे उपाय केले, आणि सगळे एकाच दिशेचे: बोट झाकायचं.

पहिल्यांदा चिकटपट्टी. ओली झाली की तिचं टोक सुटतं, लोंबतं आणि चाकाकडं ओढलं जातं. शिवाय पट्टीखाली पाणी साचून कातडी दिवसभर पांढरी पडलेली. त्यातून नखाच्या कडेला नखुरडं झालं, पू झाला. ते पिकण्याचं कारण पट्टीइतकंच मशीनच्या ट्रेमधलं पाणीही असावं असं मला वाटतं. तेच पाणी दिवसेंदिवस फिरवलं जात होतं, तळाशी गाळ आणि वर तवंग. जखमेच्या बोटाला हे पाणी म्हणजे रोज नवी लागण.

मग शिंप्याचं अंगुस्तान. धातूचं असल्यानं खडा बोटाला जाणवेना, हातातून सुटू लागला. एकदा अंगुस्तानच चाकाला टेकलं, चाकावर धातू माखला आणि महागाचं चाक खराब झालं. मामा चिडले ते त्या दिवशी.

शेवटी सुती हातमोजे. हेच नडलं.

मशीनच्या शाफ्टचं टोक चाकाच्या बाहेर अंगठ्याएवढं पुढं आलेलं, त्यावर नट. मोज्याचा धागा निघाला होता. शेवटच्या चाकावर काम करताना तो धागा नटात अडकला. 16 मिलिमीटरचा शाफ्ट सेकंदाला 24 फेरे घेतो. म्हणजे दर सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास धागा गुंडाळला जातो. माणसाला बघून हात मागं घ्यायला पाव सेकंद धरला, तरी तेवढ्यात फूटभर धागा गेलेला असतो. इथं मोजा जुना, विरलेला होता म्हणून फाटला आणि बोट सुटलं. तर्जनीचं नख मात्र मुळापासून उलटलं. जाड, मजबूत, नवा मोजा असता तर बोट आत गेलं असतं. चांगल्या प्रतीच्या हातमोज्यानं इजा वाढली असती, हे मामांना पटायला वेळ लागला. आपल्याकडं संरक्षण म्हटलं की हातमोजे असंच डोक्यात बसलेलं आहे. भट्टीपाशी, पत्रा उचलताना, ॲसिडपाशी ते हवेतच. फिरत्या शाफ्टपाशी नकोत, सुती नकोत, लोकरीचे नकोत, चामड्याचेही नकोत.

डॉक्टरांनी नख साफ करून पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. नख पूर्ण यायला सहा महिने तरी लागतील म्हणाले. ते बरोबरच होतं, बोटाचं नख महिन्याला तीनेक मिलिमीटरच वाढतं. तोवर त्याला चाकावर बसू द्यायचं नाही, एवढं मामांनी मान्य केलं.

लाख तर खोलीतच होती

लहान खडा बोटात धरून घासायचा नसतो, काडीवर लाखेनं चिकटवून घासायचा असतो. जयपूरचे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, जगभरही हीच रीत आहे. बोट खड्यापासून चार इंच मागं जातं आणि प्रश्नच मिटतो. मुलाला ही रीत माहीत नव्हती असं नाही. मामांना तर लाखेचं सगळं शास्त्र तोंडपाठ. साजाच्या जाव मण्यांच्या पोटात लाखच भरलेली असते, जडाई करताना दागिना लाखेतच रुतवून धरतात. खोलीच्या कोपऱ्यात लाखेचे ढेकळ पडलेले. मग काडी का नाही?

याचं उत्तर मिळायला मला त्या दोघांजवळ नुसतं बसून राहावं लागलं. दुरुस्तीच्या कामात दर थोड्या घासणीनंतर खडा कोंदणात घालून बघावा लागतो. घासला, बसवून बघितला, परत घासला. खडा काडीवर असेल तर त्याचं बूड लाखेत असतं, कोंदणात घालून बघता येत नाही. दर वेळी काढायचा आणि पुन्हा चिकटवायचा तर दिवस जाईल. आणि मजुरी नगावर. दिवसभरात जितके खडे बसतील तितके पैसे. बोटात धरणं हा त्या हिशेबातून निघालेला शहाणपणा होता, फक्त त्याची किंमत कातडीत मोजली जात होती. "जपून काम कर" असं शंभरदा सांगूनही काही बदललं नसतं, हे मला तिथं बसल्यावर स्पष्ट दिसलं.

तेव्हा गाठ सोडवायची होती ती मापाची. कोंदण खड्यापर्यंत आणता येत नसेल तर कोंदणाचा आकार आणायचा. मामांनीच युक्ती काढली. कोंदणाच्या तोंडावर मऊ मेण दाबून ठसा घ्यायचा, त्यावरून पातळ पितळी पत्र्यावर आकार आखायचा आणि करवतीनं भोक पाडून कानशीनं बेतायचं. झाला गेज. घुमटाकार खडा काडीवर तोंड वर करून उभा असतो. पत्रा वरून उतरवायचा. जिथं अडतो तिथं खडा अजून मोठा आहे. पत्रा घुमटावरून घसरून कमरेपर्यंत अलगद उतरला की खडा कोंदणाच्या मापाचा झाला. खडा काडीवरून उतरवायचा तो एकदाच. जडाईचा माणूस असा पत्रा हातासरशी कापतो. पूर्वी खडा बोटांत घेऊन कोंदणात घालून बघण्यात जेवढा वेळ जायचा, त्यापेक्षा हा वेळ जास्त नाही.

सुरुवातीला खडे काडीवरून निसटत होते, आणि मुलगा लगेच म्हणाला, "बघा, म्हणूनच मी हातात धरत हुतो." कारणं तीन निघाली. खडा गार असेल तर गरम लाख त्याला लागताक्षणी थिजते, पकडत नाही, नुसती टेकते. खडा लाखेइतकाच तापवायला हवा. बोटांचं तेल आणि पावसाळ्यातली ओल हे दुसरं कारण. कोल्हापूरच्या जुलैत खोलीतली प्रत्येक वस्तू दमट असते. खडा स्पिरिटनं पुसून, कोरडा करून मगच तापवायचा आणि त्यानंतर बूड हातानं शिवायचं नाही. तिसरं म्हणजे नुसती लाख ठिसूळ. जडाईसाठी मामा लाखेत राळ आणि विटकरीचा वस्त्रगाळ भुगा घालतात, तेच मिश्रण इथं चाललं, फक्त थोडं मेण वाढवलं.

तापवायला त्यांनी जुनी इस्त्री उलटी करून लाकडी चौकटीत बसवली. तिच्या सपाट पत्र्यावर खडे ओळीनं ठेवायचे, सावकाश तापू द्यायचे. काडी म्हणून चपट्या डोक्याचे खिळे. खिळ्याचं डोकं खड्याच्या रुंदीच्या दोन-तृतीयांश असावं. मोठं असलं तर चाकाला लोखंड लागतं, फार लहान असलं तर पकड राहत नाही. टोक कानशीनं बोथट करून बांबूच्या मुठीत ठोकलं की हातात छान बसतं. लाख काठावरून खड्याच्या कडेपर्यंत बोटानं चढवायची, पण बोट आधी पाण्यात बुडवून. वितळलेली लाख कातडीला लागली तर ओरबाडून काढायची नाही. वीसेक मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं.

वेळेचा हिशेब जमला तो घाऊकीमुळं. एक खडा चिकटवायला जेवढी इस्त्री तापवावी लागते, तेवढ्यात दहा खडे होतात. आता ते सकाळी दिवसभराचे खडे काड्यांवर चढवतात. भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात काड्या ओळीनं उभ्या, प्रत्येकीला दागिन्याच्या चिठ्ठीचा नंबर. काम संपलं की काड्या थोडा वेळ फ्रीजरमध्ये. लाख थंडीनं ठिसूळ होते आणि खडा नखाच्या दाबानं टचकन सुटतो. उरलेली लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

सगळे खडे असे तापवता येत नाहीत. ओपल तापवला तर तडकू शकतो. खऱ्या पाचूत भेगा असतात, त्या बहुधा तेलानं भरलेल्या असतात. उष्णतेनं भेग वाढू शकते. गोंदानं चिकटवून ॲसिटोननं सोडवायला जावं तर ॲसिटोन तेच तेल ओढून घेतं. गिऱ्हाइकाच्या घरातला जुना पाचू असेल तर मामांनी आता ठरवलंय: खड्याला हात लावायचा नाही, कोंदण दुरुस्त करायचं. मला हा निर्णय फार आवडला. त्यात खडाही वाचतो आणि बोटही.

मशीनवरचे बदल

हे थोडक्यात. शाफ्टच्या उघड्या टोकावर उद्यमनगरातून टोपण बनवून आणलं. ते सगळ्यात आधी करायला हवं होतं, खर्चही किरकोळ. चाक आणि पाण्याच्या ट्रेमध्ये बोट शिरेल एवढी फट होती, ट्रे सरकवून ती बुजवली. लहान खड्यांसाठी 80 नंबरचं चाक बंद. पाच मिलिमीटरच्या खड्याला 220 पासून सुरुवात पुरते. चाक वरून खाली कामगाराकडं फिरतं, म्हणून खडा मध्यरेषेच्या जरा खाली धरायचा, निसटला तर खाली ट्रेमध्ये पडतो. कोपर टेबलावर टेकलेलं हवं. पाणी रोज बदलायचं. ओल्या हातानं मोटरशी काम, म्हणून लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच लाइन तोडणारा स्विच, बसवला. धार बंद ठेवून कोरडं घासायचं नाही, कारण गार्नेटचं एक वेळ सोडा, अकीक म्हणजे सिलिका. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि गुजरातेतल्या खंभातच्या अकीक कामगारांत सिलिकोसिसनं काय केलं हे जगजाहीर आहे.

दिवा आणि भिंग यांबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त. मुलगा खडा दिसत नाही म्हणून डोकं आणि बोटं दोन्ही चाकाजवळ नेत होता. बाजूनं तिरका पडणारा दिवा आणि डोक्याला लावायचं भिंग आल्यावर काडी मागून धरूनही त्याला ओरखडे दिसू लागले. न दिसण्यानं बोटं पुढं जातात, हे मी लेथवरही कितीतरी वेळा पाहिलंय.

हातांसाठी रात्री खोबरेल. सकाळी कामाआधी नाही, कारण तेलानं लाख धरत नाही आणि मूठ निसटते. अंगठी, कडं, मनगटाचा धागा काढून ठेवायचा. मुलाच्या मनगटावर जोतिबाचा दोरा होता. तो काढायला सांगणं मला अवघड वाटत होतं. त्यानं स्वतःच तो काढून गळ्यात, शर्टाच्या आत बांधला.

मजुरीचा प्रश्न

काडी, गेज, इस्त्री हे सगळं टिकायचं तर नगावरची मजुरी जशीच्या तशी ठेवून चालणार नव्हतं. घाई झाली की पहिली सुटते ती काडी. मी मामांना म्हणालो की खडे चढवण्याचा सकाळचा वेळ हेही काम आहे, त्याचे पैसे धरा. ते लगेच हो म्हणाले नाहीत. भाचा असला तरी धंदा धंदा. पण भाच्याचं नख येईपर्यंतचे महिने त्यांनी स्वतः चाकावर काढले होते. चाळिशीनंतरच्या डोळ्यांनी आणि आपल्या बोटांनी. आता सकाळच्या चढवणीचा वेगळा ठरलेला भाव आहे आणि उरलेली मजुरी पूर्वीसारखी नगावर.

तीन मिलिमीटरच्या आतले खडे घासायचे त्यांनी सोडले. त्या मापाचे तयार खडे जयपूरहून थोडे जास्त मागवून ठेवतात आणि त्यातला जवळचा निवडून कोंदणाचीच कड दाबून घेतात.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. शेवटच्या चामड्याच्या चकतीवर, सेरियम ऑक्साइडची पूड लावून पॉलिश करताना, घर्षणानं खडा तापतो. लाख मऊ पडते आणि खडा काडीवरून उडतो. कृत्रिम माणिक तर फारच कठीण, हिऱ्याची कठीणता 10 धरतात त्या मापावर 9. त्याला सेरियम चालत नाही, हिऱ्याची पेस्ट लागते आणि वेळही खूप. मुलाचं म्हणणं, पॉलिशला खडा काडीवरून काढून बोटात धरू द्या, चामडं काय कापत नाही, आणि बोटाला पातळ रबरी टोपी घालतो, अडकली तरी लगेच फाटते. माझं म्हणणं, चकती सतत ओलसर ठेव, दाब निम्मा कर, दर थोड्या वेळानं खडा मनगटाच्या मागच्या बाजूला टेकवून बघ, कोमट वाटला की ती काडी ठोकळ्यात ठेव आणि पुढची घे. रबरी टोपी सहज फाटते हे खरं, हातमोज्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण चामड्यावर हिऱ्याची पेस्ट लावली की ते चामडंही कातडी खातं, आणि तेही न दुखता. मामा सध्या त्याच्या बाजूनं आहेत, कारण त्यांच्या मते बोटात धरलेल्या खड्याला झळाळी जास्त येते. पुढच्या आठवड्यात एकाच मापाचे दोन गार्नेट दोन्ही पद्धतींनी पॉलिश करून भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवायचं ठरलंय.